यान सोडून न जाणाऱ्या मुलीसाठी : विज्ञानकथा स्पर्धांचे परीक्षक आणि दिवाळी अंकांचे संपादक यांस खुले पत्र

मराठी विज्ञानकथा स्पर्धांचे सर्व परीक्षक आणि दिवाळी अंकांचे सर्व संपादक यांस,

सविनय नमस्कार.

मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहतो. व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत ३१ वर्षे काढून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालो आणि आता गावच्या वाचनालयात पावसाळ्याच्या दिवसांत मुलांसाठी कथालेखनाचा वर्ग घेतो. जून आणि जुलै हे दोन महिने आमच्याकडे मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, घरातली मोठी माणसे पडवीत जाळी सांधत बसतात आणि मुलांना ऐकायला व लिहायला निवांत वेळ मिळतो. या वर्षी मुलांना ‘एकटे पडलेले माणूस’ एवढाच विषय दिला होता. त्यावर आठवीत शिकणाऱ्या, तांडेलाच्या, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखाच्या, घरातल्या एका मुलीने एका तारायानाची कथा लिहिली. ती आम्ही एका स्पर्धेला पाठवली. स्पर्धेचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण जो अभिप्राय आम्हांला आला तो कोणत्याही स्पर्धेकडून, कोणत्याही संपादकाच्या टेबलावरून येऊ शकला असता, आणि म्हणूनच हे पत्र एका परीक्षकाला न लिहिता सगळ्यांना लिहीत आहे. कथेला बक्षीस मिळाले नाही याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. कथा परत करताना जी तीन कारणे लिहून दिली गेली, त्यांच्याबद्दल मात्र मला पुष्कळ म्हणायचे आहे.

आधी कथा सांगतो, कारण ती तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचलेली नाही.

चाळीस माणसांना घेऊन एक यान दूरच्या ताऱ्याकडे निघाले आहे. यानावर सर्वांत धाकटी एक सतरा वर्षांची मुलगी आहे. मागच्या खणात, म्हणजे जिथे बियाणे आणि अन्न गोठवून ठेवतात त्या शीतकोठीत, दिवे बंद पडलेले असल्यामुळे ती अंधारातच हातबत्ती घेऊन दहा दिवस दुरुस्तीचे काम करते. त्या दहा दिवसांत यानाच्या बाजूने एक अनोळखी उजेड चालू लागतो. तो आधी खिडक्यांतून दिसतो, मग यानातल्या प्रत्येक दिव्यातून तोच पाझरू लागतो. मुलगी वर येते तेव्हा सगळे सोबती तिला हसतमुख आणि शांत दिसतात. भांडणारे दोघे भाऊ एकमेकांना जेवण वाढत आहेत, रोज कुरकुरणारा भंडारी, म्हणजे यानाचा स्वयंपाकी, गुणगुणत आहे. कामे सगळी वेळच्या वेळी चालली आहेत. फक्त सुकाणू थोडे वळलेले आहे, यान उजेडाच्या दिशेने चालले आहे, आणि याचे कोणालाच काही वाटत नाही. तिने क्षणभर दिव्याकडे बघावे एवढीच सगळ्यांची इच्छा आहे. यानाचा तांडेल, ज्याने तिला लहानपणापासून काम शिकवले, तो मार्गिकेच्या टोकाशी उभा राहून मायेने हाक मारतो : “ये गो बाय, एकदा बघ तरी.”

ती डोळ्यांना ओढणी बांधते आणि पळते. हाताने भिंती चाचपत, नळ्यांच्या गरम-गार स्पर्शावरून आपण कुठे आहोत हे ओळखत, ती यानाच्या पोटातून जात राहते आणि मागून तिच्या नावाच्या हाका येत राहतात. बचावहोडीच्या दाराशी ती पोहोचते. होडी तयार आहे, आत नव्वद दिवसांचे अन्न आहे. ती कडीवर हात ठेवून उभी राहते. मग परत फिरते, यानाचा मुख्य जनरेटर बंद करते आणि यान काळोखात बुडवते. त्या काळोखात, थोड्या वेळाने, कुठूनतरी पहिला रडण्याचा आवाज येतो.

यावरचा पहिला अभिप्राय असा होता की नायिकेने बचावहोडीतून निसटायला हवे होते. मागे यान नष्ट झाले असते तर शेवट परिणामकारक झाला असता. दुसरा असा, की भुललेले सोबती फारच सौम्य आहेत, त्यांची भीती वाटत नाही आणि खलनायक कोण ते कळत नाही. तिसरा असा, की तांडेल, खण, भंडारी हे शब्द तारायानाच्या कथेत विसंगत वाटतात.

पहिल्या अभिप्रायावर मी सर्वांत अधिक लिहिणार आहे, कारण तो मला आतून लागला.

जहाजावरून पळून जाता येत नाही. किनाऱ्यावर राहून लिहिणाऱ्याला ‘पळाला’ म्हटले की गाव, रस्ता, एसटी, दुसरे गाव असे काहीतरी दिसते. जहाजावर पळणाऱ्याच्या वाट्याला तीच दोनशे मीटर लांबीची जागा पुन्हा येते. वर डेक, खाली टाक्या, मध्ये इंजिन, आणि भोवती पाणी. पळणे म्हणजे तिथे एका जागेवरून दुसऱ्या अशा जागेवर पोहोचणे, जिथून काहीतरी करता येईल. मुलीने हे मला न विचारता लिहिले. तिच्या घरात ते रोज कानावर पडत असणार, कारण भर दर्यात होडीवर एखाद्याला ताप चढून तो बरळू लागला किंवा भांडण विकोपाला गेले, तर कोणीही होडी सोडून जात नाही, हे मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही.

आणि जहाजाची रचनाच मुळी असे गृहीत धरते की माणसाचे भान हरपू शकते. पुलावर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यासाठी एक यंत्र असते. त्याने ३ ते १२ मिनिटांच्या ठरलेल्या अवधीत आपण जागे असल्याची खूण दिली नाही, तर आधी दिवा लुकलुकतो, मग तिथेच कर्कश आवाज होतो आणि तरीही कोणी दाद दिली नाही तर दुसऱ्या अधिकाऱ्याला आणि कप्तानाला उठवले जाते. सुकाणूचा ताबा पुलावरून सुटला तर जहाजाच्या अगदी मागच्या खोलीतून हाताने सुकाणू वळवता येते आणि त्याचा सराव दर तीन महिन्यांनी करावा लागतो. इंजिनखोलीतून वर येण्यासाठी नेहमीच्या जिन्याशिवाय एक अरुंद, बंदिस्त, आगीला दाद न देणारी उभी वाट असते. एका माणसाच्या, एका दाराच्या, एका दिव्याच्या भरवशावर जहाज सोडायचे नाही हा यामागचा विचार आहे. जे तारायान बनवतील ते लोक हा विचार टाकून देतील असे मला वाटत नाही. म्हणून तिची नायिका ज्या वाटांनी जाते त्या मला खऱ्या वाटल्या.

मुलीने मूळ मसुद्यात फक्त मुख्य जनरेटर बंद केला होता. मी तिला सांगितले की जहाजावर मुख्य वीज गेली तर आणीबाणीचा जनरेटर आपोआप सुरू होतो आणि आंतरराष्ट्रीय नियमानुसार ४५ सेकंदांच्या आत त्याची वीज आलीच पाहिजे. तो इंजिनखोलीच्या बाहेर, वरच्या डेकवर वेगळा ठेवलेला असतो, म्हणजे खाली आग लागली तरी तो वाचावा. हे ऐकून ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिने लिहून आणले की नायिका आधी वर जाऊन तो जनरेटर सुरू करणाऱ्या बॅटरीची तार सोडवते आणि नंतरच खाली जाते. म्हणजे तिला सोबत्यांच्या मधून दोनदा जावे लागते. त्या एका दुरुस्तीने कथेचा कणा ताठ झाला असे माझे मत आहे. मोठ्या लेखकांच्या हस्तलिखितातही अशी दुरुस्ती मला पाहायला आवडली असती.

आता स्वतःचा एक अनुभव सांगतो. तो सांगण्याचा अधिकार मला आहे, कारण मी तिथे होतो. जहाजाचे आणि कंपनीचे नाव त्यासाठी आवश्यक नाही.

मी तेव्हा सेकंड इंजिनियर होतो. एका मालवाहू जहाजावर पुढच्या बाजूला एक रिकामी कोठी बरेच महिने बंद होती. लोखंड गंजते तेव्हा ते हवेतला प्राणवायू ओढून घेते. बंद कोठीत हे महिनोन्महिने चालले की आतली हवा दिसायला तीच, वासालाही तीच, पण श्वासासाठी निकामी होते. बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. माणूस एकदम अगदी कमी प्राणवायूत शिरला तर जागच्या जागी कोसळतो. पण प्रमाण मधल्या पातळीवर असले तर वेगळाच प्रकार होतो, आणि ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना तो खरा वाटत नाही : माणूस खुशीत येतो. त्याला आपण उत्तम आहोत, सगळे काही आपल्याला जमते आहे असे वाटू लागते. चूक होते आहे हे ज्याने ओळखायचे, तो मेंदूच आधी मंदावलेला असतो.

आमचा फिटर हवा न तपासता शिडीवरून उतरला. तो अनुभवी माणूस होता, आणि अनुभवी माणसेच हे अधिक करतात. तोंडाशी एकोणीस वर्षांचा एक कॅडेट उभा होता. फिटर अर्ध्या शिडीवर थांबला आणि हसू लागला. कॅडेटने वर यायला सांगितले तर म्हणाला, तूच खाली ये, इथे मस्त गार आहे. त्याने हात पुढे केला. कॅडेट त्याच्यावर वडिलांसारखा जीव टाकत असे. त्याच्याच हाताखाली तो पाना धरायला शिकला होता. त्या पोराने तो हात धरला नाही. तो वळला आणि डेकवरून मागे पळत सुटला. मी त्याला समोरून पाहिले तेव्हा तो घाबरून पळतो आहे असेच मला वाटले आणि माझ्या तोंडून जो शब्द गेला त्याची मला आजही लाज वाटते. तो श्वसनसंच आणायला आणि माणसे जमवायला चालला होता. पाच-सहा मिनिटांनी दोघेजण संच चढवून आत उतरले आणि शिडीच्या तळाशी कोसळलेल्या फिटरला दोराने वर काढले. तो वाचला. कॅडेट हाताला धरून त्याला ओढायला खाली उतरला असता तर आम्ही दोघांना वर काढले असते आणि बहुधा दोघेही गेले असते. जहाजांवर असेच घडत आले आहे : एक पडतो, त्याला धरायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणूनच १ जानेवारी २०१५ पासून बंदिस्त जागेतल्या बचावाचा सराव जहाजांवर दर दोन महिन्यांनी करणे बंधनकारक झाले.

तेव्हा परीक्षकहो, भुललेल्या सोबत्याच्या हाकेला ओ न देता पळणारा पोर मी पाहिलेला आहे. त्याचे पळणे सोबत्यापासून दूर होते आणि सोबत्यासाठीच होते. या मुलीची नायिका नेमके तेच करते. तिला बचावहोडीत बसवून निघून जायला लावा आणि मागे एकोणचाळीस माणसांचा कोळसा करा असे जेव्हा तुम्ही एका आठवीतल्या मुलीला लिहून कळवता, तेव्हा तुम्ही कथेचा शेवट सुचवत नसता. भान हरपलेला माणूस टाकून देण्याजोगा असतो असे तुम्ही तिला शिकवत असता. तिच्या गावात असा शेवट करणाऱ्या माणसाच्या होडीवर पुन्हा कोणी चढत नाही.

‘परिणामकारक’ या शब्दामागे परदेशी चित्रपटांची आणि मालिकांची सवय असावी अशी मला शंका येते. पण तिथेही तसेच असते असे नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत दाखवल्या गेलेल्या एका गाजलेल्या अंतराळ मालिकेच्या भागात यानावरचे सगळे कर्मचारी डोळ्यांसमोर लावायच्या एका खेळाच्या नादी लागतात आणि सुटीवर आलेला एक तरुण विद्यार्थी त्यांच्यापासून यानभर पळत राहतो. तो यान सोडत नाही, शेवटी पकडलाही जातो, पण तोपर्यंत त्याने यानावरच्या यंत्रमानवाला पुन्हा जागे करण्यापुरता वेळ मिळवलेला असतो. आणि मग उजेडाच्या झोतांनी सगळे शुद्धीवर येतात. तिथे उजेडाने माणसे सुटतात, आमच्या मुलीच्या कथेत काळोखाने. तिने ती मालिका पाहिलेली नाही. मी पाहिली होती, आणि तिची कथा वाचताना मला दोघांचे पळणे एकाच जातीचे वाटले.

दुसरा अभिप्राय सोबत्यांच्या सौम्यपणाबद्दल होता. वर फिटरची गोष्ट सांगितली ती यासाठीही. तो भेसूर हसत नव्हता. तो खरोखर आनंदात होता, त्याला त्या पोराविषयी खरोखर माया होती आणि त्या मायेनेच तो त्याला खाली बोलावत होता. डोळे पांढरे करून, हात पुढे करून चालणारी माणसे कोणालाही ओळखता येतात आणि त्यांच्यापासून पळणे सोपे असते. ज्याने तुम्हांला जेवू घातले तो माणूस तुमच्या नावाने, तुमच्या घरच्या बोलीत हाक मारतो आणि त्या हाकेत खोटे काही नसते, तेव्हा पाय उचलत नाहीत. आमच्याकडे चकवा लागतो तेव्हा माणसाला भीती वाटत नाही असे जुनी माणसे सांगतात. त्याला वाटते आपण घरच्याच वाटेने चाललो आहोत. गिऱ्हा, म्हणजे पाण्यातले भूत, माणसाला पाण्याकडे नेतो तेव्हाही ओळखीच्या माणसाचा आवाज काढतो असे मानले जाते. भुलीविषयी कोकणातल्या माणसांनी इतक्या पिढ्या जे ऐकले आहे ते त्या मुलीच्या कानात आहे, आणि आधुनिक शरीरशास्त्रही प्राणवायूच्या बाबतीत त्याच जातीचे काहीतरी सांगते, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

खलनायक कोण, हा प्रश्न तर तिने फार बारकाईने हाताळला आहे. उजेड म्हणजे काय, त्यामागे कोणी आहे की नाही, हे ती सांगत नाही. आमच्या किनाऱ्यावर उजेडाने काय होते ते तिने पाहिलेले आहे. एलईडीचे प्रखर दिवे पाण्यावर लावून मासे गोळा करायचे आणि एका वेढ्यात सगळे उचलायचे, अशा मासेमारीला केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी क्षितिजावर तो पांढरा उजेड दिसला की तिच्या घरातली माणसे काय बोलतात हे ती ऐकत आली आहे. मासे काही कोणाच्या हुकमाने तिथे जात नाहीत, आपणहून जातात. वेळास आणि आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले अंड्यांतून बाहेर येतात तेव्हा अंधाऱ्या जमिनीपेक्षा उजळ दिसणाऱ्या समुद्राच्या क्षितिजाकडे ती धावतात; किनाऱ्यावर दिवे असले तर त्याच उपजत बुद्धीने उलटी, जमिनीकडे वळतात. दिवा लावणाऱ्या घरमालकाला कासवांशी काही वैर नसते. पहिल्या पावसात बत्ती घेऊन आम्ही लहानपणी कुर्ल्या धरायला जात असू. झोत अंगावर पडला की ती कुर्ली जागच्या जागी थबकते. या सगळ्यांत खलनायक दाखवा असे म्हटले तर कोणाला दाखवाल?

कुर्लीचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. खडकांना आणि होडीच्या तळाला जी कठीण कवचाची शिंपल्यासारखी वस्ती चिकटते, त्या बार्नॅकलच्या कुळातला सॅक्युलिना नावाचा एक परजीवी खेकड्यांच्या शरीरात शिरतो. तो आत मुळांसारखा पसरतो आणि मग खेकड्याच्या पोटाखाली, जिथे मादी आपली अंडी सांभाळते नेमके तिथे, पिशवीच्या रूपाने बाहेर येतो. खेकडा वांझ होतो, त्याचे कात टाकणे थांबते, आणि तो त्या पिशवीची आपल्या अंड्यांसारखी निगा राखू लागतो. नर खेकडा असला तर त्याचे पोट मादीसारखे रुंद होते आणि तोही तेच करतो. तो जिवंत असतो, चालतो, खातो, आणि त्याची सगळी मेहनत दुसऱ्याच्या पिल्लांसाठी चाललेली असते. हे मी वर्गात सांगितले तेव्हा मुलांनी कितीतरी वेळ प्रश्न विचारले. त्या मुलीचा प्रश्न वेगळा होता : त्या खेकड्याला वाईट वाटत असेल का, की बरे वाटत असेल? तिच्या कथेतले हसतमुख सोबती त्या प्रश्नातून आलेले आहेत. ज्या कथेचा उगम एवढ्या खोल प्रश्नात आहे तिच्यावर ‘सोबती भयानक हवेत’ असा शेरा मारताना आपण काय खोडून टाकतो आहोत याचा विचार व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यात विज्ञान कमी आहे असे कोणी म्हटलेले नाही, तरी बंद यानातल्या हवेविषयी दोन शब्द लिहितो, कारण या मुलांनी पुढे अशाच कथा लिहाव्यात असे मला वाटते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आपल्या बाहेरच्या हवेच्या तुलनेत साधारण दहापट राहत आले आहे आणि अंतराळवीरांनी डोकेदुखीच्या तक्रारी केलेल्या आहेत. अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ माणसे काचेच्या एका बंद वसाहतीत राहिली. तिथला प्राणवायू हळूहळू कमी होत सुमारे १४ टक्क्यांपर्यंत उतरला आणि शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. त्या आठ माणसांत दोन तट पडले होते. मॉस्कोत २०१० ते २०११ या काळात सहा जण ५२० दिवस मंगळप्रवासाचा सराव म्हणून बंद जागेत राहिले. मंगळापर्यंत साधा निरोप जायला ग्रहांच्या अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. म्हणजे यानावर सगळ्यांचे भान एकाच वेळी सुटले तर पृथ्वीवरचा कोणी ते वेळेवर ओळखू शकणार नाही. ज्याच्या वाट्याला वेगळी हवा, वेगळी खोली, वेगळा दिवा आला असेल, तो एकटाच ते ओळखील. मुलीने आपल्या नायिकेला दहा दिवस अंधाऱ्या खणात ठेवले ते उगाच नाही.

तिसऱ्या अभिप्रायावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. सारंग, टिंडाल (म्हणजे आपला तांडेलच), लस्कर, भंडारी हे खलाशांचे शब्द इंग्रजांच्या वाफेच्या जहाजांवर रोज बोलले जात, त्यांच्या कागदपत्रांत लिहिले जात, कारण त्या जहाजांवर राबणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे होती. जे शब्द साता समुद्रांवर चालले ते ताऱ्यांकडे जाताना कुठे अडखळतील? मराठी तारायानावर कॅप्टन शोभतो आणि तांडेल शोभत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा पहाटे हर्णैच्या बंदरात येऊन उभे राहावे. सुवर्णदुर्गाच्या बाजूने होड्या आत येताना, लाटेचा अंदाज घेत, एका हाताच्या खुणेने दहा माणसांना हलवणारा तांडेल त्यांनी पाहावा आणि मग तो शब्द एखाद्या यानाच्या धन्याला कमी पडतो का ते सांगावे.

संपादकांना माझे मागणे वेगळे आहे. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्या घराघरांत वर्षातून एकदा नव्या कथा येतात आणि बोटीवर असताना मी त्या अंकांची महिनोन्महिने वाट पाहिलेली आहे; घरून आलेला एक अंक आम्ही चारपाच मराठी माणसे पाने सुटेपर्यंत वाचत असू. त्या अंकांतल्या विज्ञानकथांतून यानावर घडणारी कथा आली की बहुतेक वेळा तिथले लोक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांसारखे बोलत आणि वागत. यान हे आधी जहाज आहे. त्यावर पहारे असतात, पाळ्या असतात, कोणाच्या तरी हातचे जेवण असते, बारीकसारीक रुसवे असतात, एखादा नवा पोर असतो ज्याला सगळे कामाला लावतात. हे माहीत असलेली माणसे कोकणच्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्याकडून लिहून घ्या, त्यांच्या मुलांकडून लिहून घ्या, आणि शेवट बदलून मागण्याआधी तो शेवट त्यांनी तसा का लिहिला हे एकदा विचारा. परीक्षकांनीही विचारावे. अभिप्रायाचे तीन शेरे लिहायला जितका वेळ लागतो तितक्याच वेळात एक प्रश्न लिहून पाठवता येतो, आणि वयाच्या चौदाव्या वर्षी आलेला तसा प्रश्न मुलाला दहा वर्षे पुरतो.

अभिप्राय आल्यावर मुलीने वही माझ्याकडे आणून दिली आणि चार दिवस ती वर्गाला आली नाही. पाचव्या दिवशी आली ती थेट शेवटच्या पानावर एक नवा प्रसंग घेऊन. यान काळोखात बुडाले आहे. कोणीतरी रडते आहे. जवळच तांडेलाचा आवाज येतो : “कोण हाय थंय?” मुलगी लगेच पुढे होत नाही, कारण ती हाक शुद्धीवर आलेल्या माणसाची आहे की उजेडाची, हे तिला ठाऊक नाही. ती भिंतीला पाठ लावून विचारते की आपण आता कुठे आहोत. भुललेल्या दिवसांत त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरे होती. आता बराच वेळ काही आवाज येत नाही, आणि मग तो म्हणतो, “ठाऊक नाय गो बाय.” तेव्हा ती डोळ्यांवरची ओढणी सोडते आणि काळोखात त्याचा हात शोधते.

ही कथा आम्ही पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला पुन्हा पाठवणार आहोत. तांडेल, खण आणि भंडारी तसेच राहतील, आणि बचावहोडी दाराशी बांधलेलीच राहील.

आपला नम्र,
एक निवृत्त चीफ इंजिनियर,
दापोली तालुका, जिल्हा रत्नागिरी